किनाऱ्यावरचा तांडेल

खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे एक गाव होतं, आणि त्या गावात रुमाजी नावाचा एक तांडेल राहत होता. तांडेल म्हणजे गलबताचा म्होरक्या. शीड केव्हा चढवायचं, कुठे वळायचं, नांगर कुठे टाकायचा, हे सगळं त्याच्या शब्दावर. रुमाजीचा हात सुकाणूवर पडला की गलबत शहाण्या बैलासारखं वळतं, असं लोक म्हणत, आणि ते खोटं नव्हतं.

गावात नरसूशेट नावाचे व्यापारी होते. त्यांची पुष्कळ गलबतं होती. मीठ, नारळ, तांदूळ, लाकूड घेऊन ती किनाऱ्याकिनाऱ्याने वरखाली जात. या सगळ्या गलबतांवर मिळून एक सरतांडेल असे. तो मात्र समुद्रावर जात नसे. तो किनाऱ्यावर राही. कोणतं गलबत कधी सुटायचं, त्यावर तांडेल कोण, खलाशी कोण, आभाळ बिघडलं तर कुणाला थोपवायचं, हे तो ठरवी. त्या जागेवर पदाजी नावाचे म्हातारे तांडेल होते. शेटजीसुद्धा त्यांच्याशी बोलताना आवाज खाली आणत.

रुमाजीला ती जागा हवी होती. किती वर्षांपासून हवी होती, ते त्याचं त्यालाच माहीत. परक्या बंदरात संध्याकाळी नांगर पडला, खलाशी चुलीभोवती बसले, की तो एकटाच नाळेवर, गलबताच्या पुढच्या टोकावर, जाऊन उभा राही आणि मनातल्या मनात म्हणे, रुमाजी सरतांडेल. शब्द तोंडात घोळवायला त्याला गोड वाटत. घरी अंगणात तो कधी कधी पदाजींसारखे हात पाठीमागे बांधून चाले. त्याची बायको आवडाई ते पाही आणि तोंडाला पदर लावी.

एके वर्षी पदाजींची नजर अधू झाली. लांबवरचं शीड कुणाचं, हे त्यांना ओळखू येईना. पावसाळा तोंडावर आला होता. गलबतं किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारली, शिडं वखारीत गेली. आता नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. तेव्हा नरसूशेट पदाजींकडे गेले आणि तुमच्या जागी कुणाला बसवू, असं त्यांनी विचारलं. पदाजी म्हणाले, समुद्रावर रुमाजीच्या तोडीचा दुसरा कुणी नाही. शेटजी म्हणाले, मग आजच त्याला मानाचं पागोटं देऊ. पदाजींनी नकारार्थी मान हलवली. नारळी पौर्णिमेपर्यंत थांबा, एवढंच ते म्हणाले.

ही गोष्ट गावात फुटायला वेळ लागला नाही. रुमाजी रोज पदाजींच्या घरावरून फेऱ्या घालू लागला. शेवटी पदाजींचा निरोप आला. म्हातारे ओटीवर बसले होते. त्यांनी रुमाजीला जवळ बसवून घेतलं.

"रुमाजी, तुझे हात मला ठाऊक आहेत," ते म्हणाले. "पण तुझ्या गलबतावरून माणसं उतरून गेली. ती का गेली, ते मला ठाऊक नाही. तुला आहे?"

रुमाजी म्हणाला की माणसं येतात आणि जातात. कुणाला घर सुटत नाही, कुणाला लाटा सोसत नाहीत. तांडेलाने त्याला काय करायचं?

"असेल तसंही. पण ते तुझं तू ठरवलंस. त्यांना विचारलं नाहीस." पदाजी पुढे म्हणाले. "पावसाचे दिवस आहेत, हाताला काम नाही. जाऊन ये त्यांच्याकडे. विचार, आणि ते बोलतील तेव्हा आपली बाजू मांडू नकोस. मग परत येऊन तूच मला सांग, ही जागा तुला द्यावी की नाही. तू सांगशील तेच मी शेटजींना सांगेन."

रुमाजी खट्टू होऊन घरी आला. एवढी वादळं अंगावर घेतली, एकही गलबत गमावलं नाही, आणि आता दारोदार हिंडून लोकांना विचारायचं की बाबांनो, माझं काय चुकलं? दोन दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. पण जागेची ओढ मानापेक्षा मोठी निघाली. तिसऱ्या दिवशी त्याने इरलं डोक्यावर घेतलं आणि तो निघाला.

पहिल्यांदा तो रतनूकडे गेला. रतनू पूर्वी त्याच्या गलबतावर खलाशी होता. आता तो माडाच्या वाडीत काथ्याचे दोर वळी. तांडेल दारात आलेला पाहून तो गडबडला. घोंगडी अंथरली, शहाळं सोललं. मी का उतरलो, असं विचारता होय? काही नाही तांडेल, तुम्ही आम्हाला पोटभर जेवू घातलंत, असं म्हणून त्याने विषय मिटवला. रुमाजीला बरं वाटलं. त्याला वाटलं, चला, सुटलो. पण तो लगेच उठला नाही. बाहेर पाऊस लागला होता. रतनू पुन्हा दोर वळायला बसला, आणि वळता वळता, मान वर न करता बोलू लागला.

"तुम्ही कधी शिवी दिली नाहीत. हात उगारला नाहीत. पण मी बांधलेली गाठ तुम्ही सोडायचात आणि पुन्हा बांधायचात. न बोलता. मग गाठ बांधताना माझं लक्ष गाठीवर राहिनासं झालं. तांडेल बघतायत का, इकडेच डोळे."

सैल गाठीने माणसं बुडतात, हे रुमाजीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पदाजींचं बोलणं आठवून त्याने ते गिळलं. गिळताना त्याला कष्ट झाले. शहाळं तसंच ठेवून तो निघाला, आणि पुढच्या बांधापर्यंत गेल्यावर त्याला आठवलं की आपण ते प्यायलोच नाही.

असा तो आणखी काही जणांकडे गेला. एक म्हणाला, घरी आई आजारी होती म्हणून उतरलो. ते खरंही असावं. दुसरा काहीच बोलला नाही; रुमाजी ओटीवर आहे असं कळल्यावर तो परसदाराने शेतात निघून गेला. त्याची बायको ओशाळी होऊन माफी मागत राहिली. रुमाजी परत फिरला. ते न बोलणं त्याला रतनूच्या बोलण्याहून जड गेलं.

एकाकडे मात्र त्याचे पाय वळत नव्हते. तो सुभाना.

सुभाना त्याचा मित्र. दोघं एका वाडीत वाढले, एका दिवशी गलबतावर चढले, एका थाळीत जेवले. रुमाजी तांडेल झाला तेव्हा त्याने सुभानाला आपला सुकाणी केला. रात्रीच्या रात्री दोघं सुकाणूपाशी बसून बोलत. घरचं, दारचं, जे बायकोला सांगता येत नाही ते. मग एका संध्याकाळी परतताना वारा फिरला. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. त्याच्यावर लाटा फुटू लागल्या. सुकाणू सुभानाच्या हातात होतं. रुमाजी धावत मागे गेला, त्याने सुभानाला बाजूला सारलं, सुकाणू स्वतःच्या हातात घेतलं आणि गलबत सुखरूप आत आणलं. बंदरावर लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्या गर्दीत सुभाना कुठे होता, ते त्याने पाहिलं नाही. पुढच्या हंगामात सुभाना आला नाही. खाडीच्या वरच्या अंगाला, बायकोच्या माहेरी तो राहायला गेल्याचं कळलं. घाबरला आणि घाबरल्याची लाज वाटली, असा रुमाजीने मनाशी निवाडा करून टाकला. त्यानंतर त्याने दुसरे सुकाणी ठेवले, चांगले ठेवले. पण सुकाणूपाशी बसून बोलावं असं पुन्हा कुणी मिळालं नाही. कधी एखादी गंमत दिसली की त्याची मान आपोआप मागे वळे, सुभानाला सांगायला.

आषाढ सरत आला तेव्हा रुमाजी खाडीच्या काठाकाठाने वर गेला. सुभाना तिथे तरीची होडी चालवत होता. या काठावरची माणसं त्या काठाला, त्या काठावरची या काठाला. केस पांढरे झाले होते. रुमाजीला पाहून तो हसला नाही की रागावला नाही. घरी घेऊन गेला. त्याच्या बायकोने पेज वाढली, सुकट भाजून दिली. दोघं जेवले. माशांचं, पावसाचं, कुणाच्या घरी कोण मेलं त्याचं बोलणं झालं. मग सुभानाची बायको थाळ्या घेऊन परसात गेली.

रुमाजी म्हणाला, "सुभाना, तू का उतरलास?"

सुभानाने भिंतीकडे पाहिलं.

"त्या संध्याकाळी मला वाट दिसली होती," तो म्हणाला. "दांड्याच्या कडेने. लाटेची एक दम खाण्याची वेळ असते, तिची मी वाट बघत होतो. आता वळवणार, एवढ्यात तू आलास."

"तू थांबलास ते मला..." रुमाजी बोलू लागला आणि गप्प झाला.

"मी गलबत आत आणलं असतं, असं मी म्हणत नाही. कदाचित आपटलंही असतं. आणता आलं असतं का नसतं, हे तुला ठाऊक नाही आणि मलाही नाही. रुमाजी, तेच तू माझ्याकडून घेतलंस. लोक तुला खांद्यावर नाचवत होते तेव्हा मी माझ्या हातांकडे बघत होतो. अजून बघतो."

रुमाजीने मान खाली घातली. गलबतावर माणसं होती, माल होता, विचारायला वेळ नव्हता, हे सगळं खरं होतं, आणि त्यातलं काहीच बोलायचं नव्हतं. पहिल्यांदा ते पदाजींनी सांगितलं म्हणून. मग त्याला आपणहूनच बोलावंसं वाटेना. थोड्या वेळाने त्याने विचारलं, की मी सरतांडेल झालो तर पुन्हा येशील का? तुला हवं ते गलबत देईन. सुभाना नाही म्हणाला. रागाने नाही. माझा हात आता खाडीचा झाला, लाट विसरला, असं म्हणाला.

परतीची वाट पलीकडच्या काठावरून होती. सुभानाने त्याला होडीत बसवलं. पावसाने खाडी फुगलेली, पाणी लाल, मध्यावर ओढ जबर. होडी तिरपी जाऊ लागली. रुमाजीचे हात मांडीवरून उठले. त्याने ते एकमेकांत घट्ट धरून पुन्हा मांडीवर ठेवले आणि तो समोरच्या काठाकडे बघत राहिला. मागे वल्ह्याचा आवाज एका लयीत येत होता. सुभानाने होडी ओढीबरोबर थोडी खाली जाऊ दिली आणि मग अलगद काठाला लावली. रुमाजी उतरला. येतो, म्हणाला. ये, सुभाना म्हणाला. होडी परत निघाली, आणि ती त्या काठाला लागेपर्यंत रुमाजी चिखलात उभा होता.

घरी येऊन तो थेट पदाजींकडे गेला. जे ऐकलं ते सगळं त्याने सांगितलं, काही झाकलं नाही. मग म्हणाला, "बाबा, मला वाटलं होतं, हे ऐकून मन विटेल. तसं झालं नाही. जागा मला अजून हवीच आहे. पण ती मला द्यावी की नाही, ते सांगता येत नाही."

पदाजींनी आपले दोन्ही तळवे पुढे केले.

"या जागेवर बसलो तेव्हा माझ्या तळहातांना घट्टे होते. आता बघ, बाईमाणसासारखे मऊ झालेत. तुला ही जागा समुद्राच्या वरची वाटते. ती समुद्रापासून लांबची आहे, रुमाजी. शीड सुटलं की काळीज त्याच्याबरोबर जातं आणि आपण इथे राहतो. रोज. ज्याला हे सोसवत नाही तो धावत जातो आणि कुणाच्या तरी हातातलं सुकाणू काढून घेतो. तुला सोसवेल का, ते बघ आणि ये."

रुमाजी घरी गेला. आवडाईला त्याने सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं आणि तिने एवढंच विचारलं, की तुम्ही किनाऱ्यावर राहिलात तर तुमचं गलबत कुणाच्या हाती देणार?

रुमाजीने एक नाव घेतलं. लगेच म्हणाला, पण तो घाई करतो. दुसरं घेतलं. तो भित्रा आहे. तिसरा होता, त्याला आभाळ कळत नाही. मग इब्रामचं नाव निघालं. इब्राम त्याच्या हाताखालचा जुना माणूस. शांत, कामसू. पण संथ, रुमाजी म्हणाला. मी एक शीड चढवीन तोवर तो विचारच करत असतो. आणि मग त्याच्यापाशी नावं उरली नाहीत.

आवडाईने सूप खाली ठेवलं. "मग तुम्ही सरतांडेल कुणाचे होणार? सगळ्या गलबतांवर तुम्हीच बसणार का?"

रुमाजी अंगणात गेला. हात पाठीमागे बांधायचं त्याला त्या दिवशी सुचलं नाही. शाकारलेल्या गलबतापाशी जाऊन तो बसला, रोज बसला. इब्रामला किती ओळखतो आपण, असं त्याने मनाला विचारलं, आणि उत्तर आलं, फारसं नाही. इब्राम सुकाणूवर असताना आपण कधी निजलो नव्हतो. त्याने एखादी गोष्ट पुरती केलेली आपण पाहिलीच नव्हती. दर वेळी अर्ध्यावर आपला हात पुढे गेला होता. संथ म्हणून ज्याला नाव ठेवलं तो खरंच संथ होता, की आपल्या हाताची वाट बघत थांबायला शिकला होता?

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो पदाजींकडे गेला आणि म्हणाला, "माझं गलबत इब्रामला द्या. मग मला जागा द्या."

पदाजींनी लगेच शेटजींना तसा निरोप धाडला.

नारळी पौर्णिमेला शेटजींनी समुद्राला नारळ वाहिला आणि रुमाजीच्या डोक्यावर पागोटं ठेवलं. ज्या शब्दासाठी तो इतकी वर्षं झुरला तो शब्द गावाने मोठ्याने उच्चारला. तो गोड लागला. पण त्याच दुपारी भरती आली, झापं निघाली, आणि इब्रामने त्याचं गलबत पाण्यात घातलं. सुकाणूवर दुसऱ्याचा हात. गलबत खाडीतून बाहेर गेलं तेव्हा रुमाजी कमरेएवढ्या पाण्यात गेलेला होता, आणि ते त्याला कपडे भिजल्यावर कळलं.

दिवस जात होते. हस्त नक्षत्र लागलं. एका संध्याकाळी अचानक पश्चिम काळी झाली. सगळी गलबतं आत होती, इब्रामचं तेवढं बाहेर. ते लांबून येताना दिसत होतं. ओहोटी लागलेली, वारा समुद्रावरून. ओहोटीचं पाणी आणि वाऱ्याच्या लाटा दांड्यावर एकमेकांवर आदळू लागल्या. बंदरावर माणसं जमली. रुमाजीचं गलबत अशा वेळी कसं आत शिरे, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. इब्राम मात्र शिरेना. तो बाहेरच घोटाळत होता.

लोक म्हणाले, घाबरला. होडी काढा, रुमाजीला घेऊन चला, तोच आणेल. याआधीही रुमाजी असा होडीतून दुसऱ्यांच्या गलबतांवर गेला होता. वल्हेकरी तयार झाले. होडी पाण्यात आली. रुमाजीचा एक पाय होडीत होता.

तेव्हा इब्रामचं मोठं शीड खाली येताना दिसलं. अर्ध्यावर येऊन ते थांबलं आणि गलबताची नाळ हळूहळू खोल समुद्राकडे वळली. इब्राम काहीतरी करत होता. काय, ते इथून कळत नव्हतं, आणि रुमाजीने स्वतः ते कधीच केलं नसतं. त्याला वाटलं, जावं. त्याचं सगळं अंग जा म्हणत होतं. त्याच वेळी त्याला हेही दिसलं, की आज मी गेलो तर उद्यापासून एकही तांडेल समोरच्या समुद्राकडे बघणार नाही. मी येतो का, म्हणून मागे बघेल. आणि जायचं कशासाठी आहे? इब्रामला वाचवायला, की माझ्या हातांना पुन्हा सुकाणू मिळावं म्हणून? याचं उत्तर त्याला आलं, आणि ते चांगलं नव्हतं.

त्याने पाय होडीतून काढला. "होडी वर घ्या," तो म्हणाला. "टेकडीवर जाळ करा. त्याला खाडीचं तोंड दिसलं पाहिजे. विझू देऊ नका."

लोक कुजबुजले. पागोटं डोक्यावर आलं आणि पाय जड झाले, असं एक जण ऐकू जाईल असं बोलला. रुमाजीने स्वतः लाकडं वाहिली. अंधार पडायच्या सुमारास गलबत दिसेनासं झालं.

इब्रामची बायको हलिमा टेकडीवर आली. तिने विचारलं, "तुम्ही का नाही गेलात?"

"तो माझ्यापेक्षा जवळ आहे," रुमाजी म्हणाला. "त्याला दिसतंय ते मला इथून दिसत नाही."

तिला ते पटलं की नाही, कळलं नाही. ती जाळाजवळ बसली. रुमाजीही बसला. आपण चुकलो असलो तर या बाईच्या तोंडाकडे जन्मभर बघता येणार नाही, हे त्याला माहीत होतं. या जागेत एवढं एकटेपण असेल, हे मात्र परक्या बंदरात उभं राहून तो शब्द घोळवताना कधी माहीत नव्हतं.

उजाडलं. वारा पडला होता. भरती लागली आणि भरतीबरोबर इब्रामचं गलबत आलं. शीड फाटलेलं, माणसं ओलीचिंब, पण सगळी परतलेली. हलिमा उठून धावली. रुमाजी तिच्यामागून टेकडी उतरला.

इब्राम ओशाळा होऊन समोर आला. आत शिरलो नाही, चुकलं का, असं त्याने विचारलं. रुमाजीने त्याला बसवलं आणि पहिल्यापासून सांग म्हणाला. इब्राम संथपणे सांगू लागला. पावसात दांडा सरकला आहे. काल लाटा फुटत होत्या त्या जुन्या वाटेवरच फुटत होत्या. किनाऱ्यावरून ते दिसायचं नाही, समुद्राच्या अंगाने दिसतं. म्हणून शीड कमी करून तो रात्रभर खोल पाण्यात राहिला आणि भरतीची वाट पाहत बसला. जाळ दिसत होता, त्यामुळे तोंड कुठे आहे ते चुकलं नाही.

रुमाजीने एकदाही मध्ये शब्द टाकला नाही. आपण गेलो असतो तर गलबत जुन्या वाटेनेच घातलं असतं. डोळे मिटून घातलं असतं. त्याला सुभाना आठवला. त्यालाही त्या संध्याकाळी अशीच काही वाट दिसली असेल. असेल किंवा नसेल. ते आता कधीच कळणार नव्हतं.

मग पदाजींच्या ओटीवर जाऊन त्याने ही हकिगत सांगितली. म्हाताऱ्यांनी त्याचा तळवा चाचपून पाहिला, मऊ व्हायला लागलाय, असं म्हणाले आणि सोडून दिला.

आभाळ निवळलं. गलबतं पुन्हा सुटू लागली. इब्रामचं गलबत नवं शीड लावून निघालं तेव्हा रुमाजी पाण्याच्या कडेला उभा होता. पाय कोरडे होते. इब्राम सुकाणूवर होता आणि त्याचं लक्ष पुढच्या लाटेवर होतं. किनाऱ्याकडे त्याने एकदाही वळून पाहिलं नाही. शीड लहान होत गेलं, पाण्याच्या रेघेला टेकलं आणि गेलं. रुमाजीचे तळहात हुळहुळत होते. ते त्याने धोतराला पुसले आणि तो वखारीकडे वळला. तिथे दोन तांडेलांचं एका खलाशावरून भांडण लागलं होतं. तो जाऊन त्यांच्यामध्ये बसला आणि म्हणाला, एकेकाने बोला.

तात्पर्य: वरच्या जागेवर बसण्याआधी, आपल्या हाताखालून कोण का निघून गेलं, हे माणसाने निवांत बसून पाहावं; आणि जे काम आपल्याला सर्वांत प्रिय आहे ते दुसऱ्याच्या हाती सोपवून त्याची ओढ मुकाट्याने सोसता येत असेल, तरच ती जागा घ्यावी.